मॅरेथॉन शेवटून मोजा

जानेवारीतला तिसरा रविवार उलटतो, मुंबई मॅरेथॉनची पदकं खुंटीला लागतात आणि सोमवारपासून धावणाऱ्यांच्या प्रत्येक कट्ट्यावर तोच वाद पेटतो. एक बाजू म्हणते, ‘हल्ली कोणीही उठतो आणि छातीवर नंबराचा बिब लावून येतो. ज्यांना धावता येत नाही, त्यांना घेताच कशाला? आमची वर्षभराची मेहनत यांच्या गर्दीत वाया जाते.’ दुसरी बाजू म्हणते, ‘अहो, मुंबई आहे ही. गर्दी असणारच. मजा घ्या, नाहीतर घरी बसा.’ मी नऊ वर्षं धावते आहे. हाफ मॅरेथॉनला, म्हणजे २१ किलोमीटरला, मला अडीच तासांहून जास्त लागतात, म्हणजे या वादात जिच्याबद्दल बोललं जातं ती बाई मीच. दोन्ही बाजू इतक्या वेळा ऐकल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की प्रश्नच चुकीचा मांडला जातोय. पहिली बाजू गर्दीचं खापर हळू धावणाऱ्यावर फोडते, दुसरी शहराच्या स्वभावावर. मला विचाराल तर हा सगळा हिशेबाचा मामला आहे. रस्ता किती रुंद, माणसं किती मिनिटांत सोडली, पाण्याचे खोके कुठे आणि किती ठेवले, याचा हिशेब. तो जमला की चुकला हे बघायचं असेल, तर पहिल्या आलेल्याची वेळ बघून काही कळत नाही. शेवटच्या हजार लोकांचं काय झालं ते बघावं लागतं.

माझा एक अनुभव सांगते. शहराचं आणि शर्यतीचं नाव घेत नाही, कारण थोड्याफार फरकाने हेच मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलं आहे. पहाटे साडेपाचला हाफ सुटायची होती आणि आम्ही पावणेपाचपासून होल्डिंग एरियात उभ्या होतो. बिबवर सेक्शनचं, म्हणजे वेगानुसार ठरलेल्या गटाचं, अक्षर छापलेलं होतं, पण आत सोडताना ते कोणी बघत नव्हतं. त्यामुळे पावणेदोन तासांत अंतर कापणारे, तीन तास घेणारे आणि मित्राचा बिब लावून आलेले, सगळे एकाच कोंडाळ्यात. शर्यत सुटली तरी सात-आठ मिनिटं आम्ही जागच्या जागीच. मग एकदम रेटा आला. पहिला किलोमीटर संपत आला तिथे रस्ता डावीकडे वळत होता आणि दुभाजकापासून आत लावलेल्या बॅरिकेडमुळे तो निम्मा झाला होता. तिथे धावणं थांबलं आणि मग चालणंही थांबलं. मागून एक कोपर माझ्या बरगडीत बसलं आणि आवाज आला, ‘ओ काकू, चालायचंय तर बागेत जा की!’ मी चालत नव्हते. पुढे पाऊल टाकायला मला जागा नव्हती. त्यालाही नव्हती. पण त्याला समोर दिसत होते ते माझे पाय. ते बॅरिकेड त्याच्या डोळ्यांना दिसलंच नाही. सगळा वाद त्या एका वाक्यात आहे.

त्या दिवशीची खरी गोष्ट मात्र सतराव्या किलोमीटरला घडली. माझ्याबरोबर आमच्या गटातल्या, अठ्ठावन्न वर्षांच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या एक शिक्षिका होत्या. आम्ही सगळ्या त्यांना ‘बाई’च म्हणतो. ऊन चढलं होतं. पाण्याच्या टेबलापाशी पोचलो तर पाणी संपलेलं, आणि स्वयंसेवक मुलं टेबलाची घडी घालत होती. एक मुलगा ओशाळून म्हणाला, ‘मावशी, पुढच्या स्टॉलवर असेल.’ पुढच्या स्टॉलवरही नव्हतं. रस्त्यावर मात्र शेकडो बाटल्या लोळत होत्या, दोन घोट घेऊन फेकलेल्या, निम्म्याहून जास्त भरलेल्या. बाईंनी वाकून एक उचलली, कमरेचा रुमाल काढून तिचं तोंड पुसलं आणि घटाघटा प्यायल्या. मग दुसरी उचलली, तीही पुसली आणि माझ्या हातात दिली. ‘पी गं. लाज कसली त्यात? पैसे आपणही तेवढेच भरलेत.’ पाणी आणलं कमी होतं असं मला अजूनही वाटत नाही. ते आमच्या पायाखाली होतं. पुढच्यांना भरभरून वाटलं गेलं आणि मागच्यांसाठी राखून ठेवायचं कोणाच्या यादीत नव्हतं.

आता पहिल्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करते. चार-चार जण हातात हात घालून रस्ता अडवतात, मध्येच थांबून फोटो काढतात, खोटं टायमिंग दाखवून पुढच्या सेक्शनमध्ये घुसतात. दोन तासांच्या पेसरमागे, म्हणजे ठरलेल्या वेळेला शर्यत संपवून देणाऱ्या वाटाड्यामागे, नेमाने धावणाऱ्याची लय अशा एका माणसामुळे मोडते आणि त्याची चार महिन्यांची मेहनत खरोखर वाया जाते. त्याचा राग मला समजतो. पण तेवढ्यावरून ‘लोकांना शिस्तच नाही’ असा निकाल देणाऱ्यांना मी विचारते, बेस्टच्या थांब्यावर कधी उभे राहिला आहात का? तिथे रांग लागते. पाऊस असो, ऊन असो, भर गर्दीची वेळ असो, मुंबईकर एकामागे एक उभा राहतो, आणि मधे घुसणाऱ्याला चार जण मागे पाठवतात. तोच माणूस दहा मिनिटांनी दादरच्या फलाटावर विरार लोकलमध्ये खांदा घालून घुसतो. दहा मिनिटांत त्याचे संस्कार बदलले का? बस थांबते आणि एकेकाला चढू देते. लोकल अर्धा मिनिटही थांबत नाही, आणि त्या वेळात शेकडो लोकांनी चढायचं असतं. माणूस तोच आहे. त्याच्यासमोर ठेवलेली व्यवस्था वेगळी आहे. शिस्त शिकवायला हवीच, पण जिथे शिस्तीने वागणारा हमखास मागे राहतो, तिथे शिस्तीवर भाषणं देऊन काय होणार?

हिशेब म्हणते तो कसला, तेही मांडते. समजा १२,००० धावपटू आहेत आणि सगळे २० मिनिटांत रेषेवरून सोडले. म्हणजे मिनिटाला ६००, सेकंदाला १०. किलोमीटरला सहा मिनिटं या गतीने धावणारा सेकंदाला साधारण पावणेतीन मीटर पुढे सरकतो. रस्ता ८ मीटर रुंद असेल, तर त्या दहा जणांना मिळून २२ चौरस मीटर जागा मिळते, म्हणजे माणशी २.२. अडचण होते, पण धावता येतं. तोच रस्ता वळणावर ४ मीटरचा झाला की माणशी १.१ चौरस मीटर उरतो. धावताना एक पाऊलच मीटरभर पडतं. तेव्हा पुढच्याच्या टाचेवर पाय न देता धावणं अशक्य होतं. त्यात पुढे पाण्याचं टेबल आलं आणि चार जण तिथे थबकले, की मागची सगळी ओळ थांबते. आता तेच १२,००० लोक ४० मिनिटांत सोडा. प्रत्येकाच्या वाट्याची जागा दुप्पट झाली. कोणाला घरी पाठवलं नाही, कोणाला वेग वाढवायला सांगितलं नाही, एक इंच रस्ता वाढवला नाही. प्रत्येकाच्या बिबला चिप असते आणि त्याची वेळ तो रेष ओलांडतो तिथून मोजली जाते, त्यामुळे उशिरा सुटल्याने सामान्य धावपटूचं एका सेकंदाचंही नुकसान होत नाही. शाळेतल्या मुलाला सुटेल असं हे गणित आहे, आणि सोमवारच्या वादात ते कोणी मांडत नाही.

बाहेरच्या मोठ्या शर्यती हे धडपडत शिकल्या. न्यूयॉर्क मॅरेथॉन १९७० मध्ये सुरू झाली तेव्हा सेंट्रल पार्कमध्ये १२७ जण धावले आणि त्यातल्या ५५ जणांनी ती पूर्ण केली. आज तिथे पन्नास हजारांहून जास्त लोक धावतात. सुरुवात एका पुलावरून होते, आणि पुलाची रुंदी वाढवता येत नाही. म्हणून त्यांनी धावपटूंची तीन रंगांत विभागणी केली, त्यांचे सुरुवातीचे रस्ते वेगळे ठेवून पुढे एकत्र आणले आणि दोन तासांहून जास्त काळ एकामागून एक लाटा, म्हणजे धावपटूंचे गट, सोडायला सुरुवात केली. २०२५ मध्ये लंडनला ५६,००० हून जास्त लोकांनी शर्यत पूर्ण केली, तीही लाटांनीच सुटते. ‘त्यांचे लोक शिस्तीचे’ हे आपलं ठरलेलं उत्तर असतं. पण त्यांच्या लोकांना शिस्तीत राहता येईल अशी सोय आधी केली गेली, हे आपण सोयीने विसरतो.

इथे हमखास बॉस्टनचं नाव निघतं. ‘तिथे पात्रता वेळ लागते, आपल्याकडेही लावा.’ बॉस्टनबद्दल मला आदर आहे. १८९७ पासून चालत आलेली ती शर्यत वेगवान धावपटूंसाठी आहे असं तिने ठरवलं आणि ते उघडपणे सांगितलं. त्यात गैर काही नाही. सगळ्याच शर्यती एकसारख्या असायला नकोत. पण बॉस्टनचा दाखला देणाऱ्यांनी तो पुरता वाचावा. ती सुटते हॉपकिन्टन नावाच्या छोट्या गावातल्या अरुंद रस्त्यावरून, म्हणून तिथे साधारण ३०,००० च लोक घेतात, आणि ते सगळे कसलेले असूनही २००६ पासून त्यांना लाटांनी सोडतात. म्हणजे हळू धावणाऱ्यांना वगळल्यावरही अरुंद रस्त्याचा प्रश्न उरलाच! मग आपल्याकडे हळू धावणाऱ्यांना वगळून तो कसा सुटेल?

आणि ‘धावायला लायक कोण’ हे ठरवण्याचा इतिहास फार अभिमानाचा नाही. १९६७ मध्ये त्याच बॉस्टनमध्ये कॅथरीन स्विट्झर २६१ क्रमांकाचा बिब लावून धावत असताना शर्यतीचा एक अधिकारी रस्त्यात घुसला आणि तिचा बिब ओरबाडू लागला. बायकांना तिथे रीतसर प्रवेश मिळाला १९७२ मध्ये. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका ८०० मीटर धावल्या, तर ‘बायकांच्या शरीराला हे झेपत नाही’ म्हणून तो प्रकारच बंद केला गेला, तो थेट १९६० पर्यंत. बायकांची ऑलिंपिक मॅरेथॉन यायला १९८४ साल उजाडलं. प्रत्येक वेळी कारण सभ्य शब्दांत सांगितलं गेलं: खेळाची प्रतिष्ठा, शरीराची काळजी, शर्यतीचा दर्जा. प्रत्येक वेळी बाहेर ठेवलेली माणसं आत आली आणि खेळ मोठाच झाला. अठ्ठावन्नाव्या वर्षी पहाटे तीनला उठून, घरच्यांचा डबा करून, गाडी पकडून येणाऱ्या आमच्या बाई शर्यतीचा दर्जा घालवतात, असं कोणी म्हणालं की मला हे सगळं आठवतं.

गर्दीमुळे खऱ्या धावपटूंचं नुकसान होतं हेही तपासून बघा. अव्वल धावपटू वेगळे सुटतात. त्यांच्या वाटेत आम्ही येत नाही. २००४ मध्ये मुंबईची शर्यत सुरू झाली. आज सगळे प्रकार धरून साठ हजारांहून जास्त लोक तीत उतरतात. प्रायोजक या साठ हजारांसाठी येतात आणि त्यांच्याच पैशातून बक्षिसाची रक्कम उभी राहते. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर याच शर्यतीत भारतीय महिलांमध्ये लागोपाठ तीनदा पहिली आली. पुढे २०१६ मध्ये रिओला ३,००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठून तिने दहावा क्रमांक मिळवला. तिच्यासारख्या दुष्काळी गावातल्या मुलीला अख्ख्या देशाने बघावं असं व्यासपीठ आमच्यासारख्या रडतखडत धावणाऱ्यांच्या गर्दीवर उभं आहे. ड्रीम रनचं, म्हणजे याच शर्यतीतल्या हौशी लोकांच्या छोट्या धावेचंही तेच. रंगीबेरंगी कपडे घालून फलक मिरवत चालणाऱ्यांवर पहिला राग निघतो. पण त्याच लोकांच्या ओळखीपाळखीतून स्वयंसेवी संस्थांसाठी कोट्यवधी रुपये जमतात. देशात खेळाच्या कार्यक्रमातून एवढा निधी क्वचितच कुठे उभा राहतो. पाचेक तास धावून शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये आलेल्या माणसाला चालणाऱ्यांच्या घोळक्यातून वाट काढावी लागली तर ते वाईटच. त्यावर उपाय वेगळी वेळ, वेगळी मार्गिका आणि सलग बॅरिकेड हा आहे.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळा आहे आणि तो मला खरोखर विचार करायला लावतो. लाटा सोडायच्या तर वेळ लागतो, आणि आपल्या शहरांत रस्ता तेवढा वेळ मिळत नाही. रविवारी सकाळीही लोकांना दवाखान्यात जायचं असतं, परीक्षेला जायचं असतं, दूध-भाजीच्या गाड्या पोचायच्या असतात. धावणाऱ्यांच्या हौसेसाठी अख्ख्या शहराने दुपारपर्यंत का खोळंबावं? दुसरी अडचण हवेची. न्यूयॉर्कची शर्यत नोव्हेंबरच्या थंडीत असते. तिथे अकराला सुटलेला माणूस आरामात धावतो. मुंबईत जानेवारीच्या मध्याला सव्वासातच्या सुमारास सूर्य उगवतो आणि नऊनंतर दमट हवेत अंगाची लाही होते. शेवटची लाट उशिरा सोडली तर जे सगळ्यात जास्त वेळ रस्त्यावर असणार, त्यांनाच सगळ्यात जास्त ऊन. पेडर रोडचा चढ आधीच पाय खातो. तो दहाच्या उन्हात चढणं ही वेगळीच परीक्षा आहे.

पण या आक्षेपातून निष्कर्ष काय निघतो ते बघा. रस्ता अमुकच तास मिळणार असेल आणि ऊन अमुक वाजता चढणार असेल, तर त्या वेळात किती माणसं नीट धावू शकतील हा आकडा ठरवता येतो. तो ठरवा आणि तेवढेच प्रवेश द्या. एसटीत चव्वेचाळीस आसनं असताना सत्तर तिकिटं फाडायची आणि मग उभ्या प्रवाशांना ‘जाडे आहात म्हणून गर्दी झाली’ असं म्हणायचं, हा कुठला न्याय? जागा मर्यादित असतील तर सोडत काढा. लंडनला २०२६ च्या शर्यतीसाठी अकरा लाखांहून जास्त अर्ज आले होते. तिथेही बहुतेकांना नकारच मिळाला. सोडतीत नाव न आल्याचं दुःख मला परवडेल. प्रवेश घेऊन, शुल्क भरून, रस्त्यावर पडलेली बाटली पुसून पिणं परवडत नाही. आणि प्रवेश देताना कट-ऑफ, म्हणजे शर्यत पूर्ण करायची शेवटची मुदत, जो जाहीर केला, तिथपर्यंतची प्रत्येक सोय त्या प्रवेशात विकलेली असते. साडेतीन तासांचा कट-ऑफ छापायचा आणि अडीच तासांना टेबलं आवरायची, याला माझ्या लेखी वचनभंगच म्हणतात.

शिकागोत २००७ च्या ऑक्टोबरमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. अवेळी उकाडा झाला, पारा ३० अंशांच्या वर गेला. पस्तीस हजारांच्या आसपास लोक धावत होते. कित्येक टेबलांवरचं पाणी मागच्यांपर्यंत उरलं नाही, आणि शेवटी आयोजकांना शर्यत मध्येच थांबवावी लागली. त्या दिवशी एका धावपटूचा मृत्यू झाला. त्याला हृदयाचा आजार होता असं नंतर निष्पन्न झालं. तेव्हाही ‘तयारी नसलेले लोक आले होते’ असं म्हणणारे होते. पण शिकागोने पुढे काय केलं? हवेचा धोका चार रंगांत सांगणारी इशारा-पद्धत आणली, म्हणजे शर्यत सुरू असतानाही प्रत्येक धावपटूला आणि स्वयंसेवकाला परिस्थिती कळावी. लंडनचं उदाहरण तर मला आणखी जवळचं वाटतं. २०१९ मध्ये तिथल्या हळू धावणाऱ्यांनी तक्रार केली की रस्ता झाडणाऱ्या गाड्या त्यांच्या अंगावर आल्या, टेबलं उठवली गेली, त्यांच्या जाडेपणावरून त्यांना बोललं गेलं. आयोजकांनी चौकशी केली, माफी मागितली आणि पुढे सगळ्यात मागच्या लोकांबरोबर शेवटपर्यंत चालणारे स्वयंसेवक नेमले. शर्यत शेवटून मोजायची म्हणजे काय, ते यात दिसतं.

पण हे शिकायला लंडनलाच का जायचं? ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याची आजची घडी हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात बसवली. ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते. फौज कशी चालवायची हे त्यांना ठाऊक होतं आणि ते त्यांनी वारीत आणलं. रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या रथामागे, प्रत्येकीला क्रमांक, प्रत्येकीची जागा ठरलेली. लाखो लोक घाट चढतात, पण मी कुठे चालायचं हे त्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. मला सगळ्यात भावते ती तक्रारीची रीत. मुक्कामाला समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप वर करतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिथे जातो, ऐकून घेतो, आणि तोवर आरती खोळंबते. वारी शर्यत नाही आणि वारीतही चेंगराचेंगरीची भीती असतेच, हे मला कळतं. तरी विचार करून बघा: आपल्या शर्यतींमध्ये शेवटच्या दिंडीचा टाळ ऐकायला कोण येतं? स्पर्धा संपल्यावर फोनवर पाच तारे द्या असा संदेश येतो, त्यात पाणी संपलं होतं हे लिहायला जागाही नसते.

आता दुसऱ्या बाजूकडे वळते, कारण ती मला जास्त धोकादायक वाटते. ‘मुंबई आहे, गर्दी असणारच’ हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं, आणि त्या प्रेमात तथ्य आहे. पेडर रोडला बाल्कनीतून थाळ्या वाजवणाऱ्या आजी, माहीमला संत्र्याच्या फोडी घेऊन उभी असलेली शाळकरी मुलं, मीठ लावलेला बटाटा हातावर ठेवून ‘ताई, थोडंच राहिलं’ म्हणणारा अनोळखी माणूस, हे मला रिकाम्या रस्त्यावर मिळणार नाही. माझ्यासारखीला पंधराव्या किलोमीटरनंतर पाय नव्हे, ही माणसंच पुढे नेतात. गर्दी मला हवी आहे. पण गर्दीवर प्रेम असलेल्यानेच ती किती दाटू द्यायची याची काळजी घ्यायला नको का? २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर पावसात अडकलेली २३ माणसं चेंगरून गेली. लोक घाबरले, अफवा पसरली, कोणीतरी ओरडलं, असं किती काय बोललं गेलं. पण त्या स्टेशनवर उपाय म्हणून शेवटी काय केलं? नवा पूल बांधला, तोही लष्कराला बोलावून, काही महिन्यांत. तो पूल अरुंद आहे हे रोज जाणाऱ्या प्रत्येकाला आधीच माहीत होतं. सगळ्यांनी ते मुंबईच्या स्वभावात जमा करून टाकलं होतं. धावण्याच्या शर्यतीत आजवर तसं काही झालं नाही, याचं मला समाधान आहे. पण त्या अर्ध्या झालेल्या वळणावर, बरगडीत कोपर बसलेलं असताना, मला तोच पूल आठवला होता.

शर्यतीतल्या मृत्यूंबद्दलही हेच. २०२४ मध्ये मुंबईत दोन सहभागी दगावले आणि ‘हौशी लोकांना बंदी घाला’ हा सूर लगेच लागला. अमेरिकेतल्या २००० ते २०१० या काळातल्या शर्यतींचा एक मोठा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. एक कोटीहून जास्त धावपटूंमध्ये हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना त्यात सापडल्या; म्हणजे दोन लाखांत एखादी. त्यातून वाचलेल्यांच्या बाबतीत एक गोष्ट ठळक होती: शेजारच्या कोणीतरी तात्काळ छातीवर दाब द्यायला सुरुवात केली होती. तपासणी जरूर करावी, मी दरवर्षी करते. पण पडलेल्या माणसापर्यंत ॲम्ब्युलन्स पोचणार कशी, दर किलोमीटरला छाती दाबायला शिकलेला स्वयंसेवक आहे का, याची उत्तरं धावपटूच्या लायकीत नसतात. ती पुन्हा रस्त्याच्या रुंदीतच असतात.

म्हणून सोमवारच्या वादात माझी एवढीच मागणी आहे की आपण आयोजकांकडे वेगळे आकडे मागू या. पहिला कोण आला हे वर्तमानपत्रात येतंच. शेवटचं पाण्याचं टेबल किती वाजता उठलं? सगळ्यात अरुंद जागा किती मीटरची होती आणि तिथून मिनिटाला किती लोक गेले? सेक्शनचं अक्षर बघून किती जणांना मागे पाठवलं? कट-ऑफच्या आत आलेल्या किती जणांना पदक मिळालं नाही? हे आकडे जाहीर करणाऱ्या शर्यतीत मी दुप्पट शुल्क भरून धावेन. आणि वेगवान धावणाऱ्या मित्रांना सांगते, हे आकडे तुमच्याही कामाचे आहेत. तुमची लय मोडते ती याच अरुंद वळणावर.

बाई आता गुडघ्यामुळे धावत नाहीत. दोन वर्षं झाली, त्या आणि मी आमच्या भागातल्या एका छोट्या शर्यतीत पाण्याच्या टेबलावर उभ्या राहतो. टेम्पोतून खोके उतरले की सगळ्यात आधी बाई त्यातले बारा बाजूला काढतात, टेबलाखाली सरकवतात, वर चिकटपट्टी मारतात आणि मार्करने शाळेच्या फळ्यावरच्या अक्षरात लिहितात: ‘शेवटचा तास. हात लावू नये.’ आठ वाजता गर्दी ऐन भरात असते, टेबल रिकामं व्हायला लागतं, कॉलेजची मुलं त्या खोक्यांकडे बघतात. बाई मान हलवतात. ग्लास अर्धेच भरा म्हणतात, म्हणजे सांडणार नाहीत. सव्वानऊला रस्ता ओस पडतो. मग लांबून एक-दोन जण येताना दिसतात, कोणी कमरेवर हात ठेवून, कोणी लंगडत, आणि बाई खाली वाकून पहिली चिकटपट्टी फाडतात.